थॉर्नडेलचा हरवलेला ओढा

"जो शेवटी पोचेल त्यानं सगळ्यांचे डबे वाहायचे!" असं ओरडत कोरिन बोगद्यातून सुसाट बाहेर पडला, आणि तेवढ्यात मागून डोडीची हाक आली.

"थांब! ब्रेक लाव, कोरिन!"

कोरिननं कचकन ब्रेक दाबला. सायकल आडवी घसरली, खडी उडाली.

"हरायला लागलीस की तुझं हे असंच!"

"हरतंय कोण? आधी खाली बघ."

डोडीची सायकल तीन चाकांची होती, हातांनी फिरवायची. तिचे पाय जन्मापासून अधू होते, पण दंड असे भक्कम की चढावर कोरिनला ती सहज मागे टाकी. तिची बैठक जमिनीपासून जेमतेम दीड वीत उंच. त्यामुळे रस्त्यावरचा खडा न् खडा तिला दिसायचा. आत्ताही तिनं वाकून हात खाली घातला आणि तो मनगटापर्यंत आत गेला!

"भेग!" ती म्हणाली. "रस्त्याच्या लांबीनं गेलीय, पार पलीकडच्या वळणापर्यंत. मंगळवारी नव्हती ही."

टॅम्सिन सायकल ढकलत पुढे आली. ती कोरिनची तेरा वर्षांची बहीण, आणि डोडी त्या दोघांची मामेबहीण, सुट्टीच्या आठवड्यापुरती बर्मिंगहॅमहून आलेली. थॉर्नडेल दरीतली ही जुनी रेल्वेवाट म्हणजे तिघांचा हक्काचा रस्ता. रूळ केव्हाच उखडले होते. ना मोटार, ना हॉर्न! दरी जिथे खोल होती, तिथे उंच मातीच्या भरावावरून वाट जायची. भेग नेमकी त्या भरावावरच पडली होती.

"उन्हानं पडली असेल," कोरिन म्हणाला.

"ऊन? दोन दिवस धो धो पाऊस पडतोय, शहाण्या! आज कुठे उघडलंय."

टॅम्सिन कडेला गेली. कडेचं कुंपण दरीकडे कललं होतं. ती तिथून खाली बघत राहिली.

"ओढा कुठाय?" तिनं एकदम विचारलं.

भरावाच्या पोटातल्या मोरीतून ओढा खाली दरीत उतरायचा. दर उन्हाळ्यात ती तिघं तिथे पाय बुडवून बसायची. आज मात्र खाली नुसते दगड उघडे पडले होते!

"दोन दिवस पाऊस, आणि ओढा कोरडा?" डोडी म्हणाली. "मग पाणी गेलं कुठं?"

टॅम्सिन आणि कोरिन वरच्या बाजूची दगडी भिंत चढून पलीकडे उतरले. दोन मिनिटांत कोरिनचा आवाज आला.

"डोडी! इथे तळं झालंय! कुंपणाचे खांब बुडालेत!"

"आणि मोरीचं तोंड?"

"बुजलंय! माती न् दगडांचा ढीग लोटलाय कुणीतरी. यंत्राच्या पट्ट्यांचे माग थेट इथवर आलेत!"

यंत्र कुणाचं हे सांगायची गरज नव्हती. वरच्या शेतरस्त्याचं काम मिस्टर क्रॉपर करत होते आणि त्यांचं पिवळं खोदयंत्र तिथेच उभं होतं.

टॅम्सिन परत आली तेव्हा तिचे बूट चिखलानं भरले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. "ते सगळं पाणी भरावाला टेकून उभं आहे. माती आतून भिजतेय. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी!"

"बिस्किट तुटतं," कोरिन हळूच म्हणाला.

"आज शनिवार!" डोडी ओरडली. "बारा वाजता गावातल्या लोमसबाईंची सायकलस्वारी इथूनच जाणार. तीसेक माणसं, निम्मी सत्तरीच्या पुढची!"

तिघांचे चेहरे उतरले. साडेदहा वाजले होते. दरीत फोनला रेंज येत नसे.

"कोरिन, तू रेंजरबाईंना आण," टॅम्सिन म्हणाली. "या वाटेची देखभाल त्यांच्याकडेच आहे. जुन्या स्टेशनात असतील. चार मैल."

"मी? एकटा? बोगद्यातून?"

"मघाशी मोठा वाऱ्यासारखा सुटला होतास ना? दाखव आता!"

कोरिननं हेल्मेटचा पट्टा आवळला आणि तो निघाला. या वेळी शर्यत लावायला बरोबर कोणी नव्हतं, तरी तो मघापेक्षा जोरात गेला.

टॅम्सिननं वरच्या शेतातून लांबचा वळसा घेतला, भरावाच्या पलीकडच्या टोकाला फांदी आडवी टाकली आणि तिला आपला लाल स्वेटर बांधून धापा टाकत परत आली. अलीकडे डोडीनं तोवर दोरी ताणली होती. शिवाय भेगेच्या दोन्ही बाजूंना तिनं एकेक काटकी रोवली होती.

"हे कशाला?"

"मोजायला. आत्ता मधे चार बोटांचं अंतर आहे. वाढतंय का बघू. आपण सांगितलं तर पोरं काहीतरी बडबडतात असंच म्हणतील. माप खोटं बोलत नाही."

साडेअकरा वाजता तिनं पुन्हा बोटं टेकवली. सहा!

त्याच वेळी बोगदा आणि भराव यांच्या मधल्या, गावाकडच्या फाटकातून घरघर ऐकू आली. मिस्टर क्रॉपरचा ट्रक! सायकलवाटेवर!

"हा काय खेळ मांडलाय?" क्रॉपर खाली उतरून खेकसले. "सोडा ती दोरी!"

"भराव खचतोय," टॅम्सिन म्हणाली. "मोरी बुजलीय."

"मोरी मी स्वतः साफ केलीय, गेल्याच आठवड्यात! आणि ती भेग जुनी आहे. मी वीस वर्षं माती खोदतोय, पोरी. तू किती वर्षं?"

"तासाच्या आत दोन बोटं वाढली," डोडी म्हणाली.

"बोटं!" क्रॉपर हसले आणि त्यांनी दोरी ओढून काढली.

एवढ्यात फाटकातून घंट्यांची किणकिण आली. मंडळी वेळेआधीच निघाली होती! सगळ्यांच्या पुढे पिवळं हेल्मेट घातलेल्या लोमसबाई. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शाळेत शिकवलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही, बाई. पोरांचा पोरखेळ," क्रॉपर म्हणाले. "रस्ता पक्का आहे. जा खुशाल."

"मिस्टर क्रॉपर म्हणतात तर ठीकच असणार. सरका बरं बाळांनो, पलीकडे चहा निवतोय!"

डोडीनं दोन्ही हातांनी जोर लावला, आपली सायकल वाटेवर आडवी घातली आणि ब्रेकला खीळ लावली.

"मी नाही हलणार."

"काय हट्टी कार्टी आहे!" क्रॉपर लाल झाले. "हिला काय, चार दिवसांची पाहुणी! रस्ता बंद झाला तर हिचं काय जातंय?"

"माझंच सगळ्यात जास्त जातंय!" डोडी मान वर करून म्हणाली. "तुम्ही सगळे कुठल्याही रस्त्यानं जाल. मला पायऱ्या नाहीत, गाड्या नाहीत अशी वाट लागते. ती ही एवढीच आहे. माझी सुट्टी अजून दोन दिवस आहे. तरी मी म्हणतेय, बंद करा!"

तिनं ट्रककडे बोट केलं. मग डोडी अगदी शांतपणे म्हणाली, "रस्ता पक्का आहे ना? मग आधी तुमचा ट्रक पलीकडे नेऊन आणा. मी लगेच बाजूला होते."

क्रॉपरनी दाराला हात घातला. दार काही उघडलं नाही. त्यांची नजर भेगेवरून कललेल्या कुंपणाकडे गेली.

"ट्रक... जड आहे जरा."

"मग चालत जा," टॅम्सिन म्हणाली.

क्रॉपरनी पाऊल उचललं, आणि होतं तिथेच ठेवलं.

"मिस्टर क्रॉपर," लोमसबाईंनी सायकल स्टँडला लावली, "मी चाळीस वर्षं वर्गात उभी राहिलेय. असा चेहरा कधी होतो, मला चांगलं ठाऊक आहे. बोला!"

"यंत्र वळवायला जागा हवी होती," क्रॉपर पुटपुटले. "माती लोटली. सोमवारी काढणार होतो. इतका पाऊस येईल असं वाटलं नव्हतं."

"सगळे मागे! फाटकाच्या बाहेर!" लोमसबाई गरजल्या, आणि सत्तरीची मंडळी पहिलीतल्या मुलांसारखी रांगेनं मागे फिरली.

थोड्या वेळात बोगद्यातून रेंजर हीथकोटबाईंची मोटार आली. आत घामानं निथळणारा कोरिन, मागे त्याची सायकल. बाई स्टेशनात नव्हत्या, त्याला त्यांना शोधत फिरावं लागलं होतं. बाईंनी काटक्या पाहिल्या, तळं पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता वायरलेसवर बोलायला सुरुवात केली. दोन्ही टोकांना अडसर लागले. खालच्या कुरणातल्या मेंढ्या हलवल्या. मोठा पंप निघाल्याचा निरोप आला.

पण पंप पोचायच्या आधीच, तीनच्या सुमाराला, मोठ्ठा उसासा सोडावा तसा आवाज झाला. अर्धी वाट कुंपणासकट दरीत उतरली. तपकिरी चिखल कुरणभर पसरला. तिथे एक मेंढी नव्हती, एक माणूस नव्हतं!

 क्रॉपरनी टोपी काढली. "पोरी," ते डोडीला म्हणाले, "तू सरकली असतीस तर..." मग ते वळले. वर जाऊन, पंपवाले सांगतील ते काम करायला ते निमूट उभे राहिले.

लोमसबाईंनी तिघांचे हात हातात घेतले. "माणसाच्या अनुभवावर मी विश्वास ठेवला आणि मोजलेल्या मापावर नाही. माझंच चुकलं. शाबास रे!"

"मी चार मैल सोळा मिनिटांत कापले," कोरिन म्हणाला. "हे कुणी विचारतच नाही!"

सगळे हसले. डोडी मात्र तुटलेल्या वाटेकडे बघत होती.

हीथकोटबाई तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या. "दुरुस्तीला पुढचा वसंत उजाडेल. खोटं कशाला सांगू?"

"माहीत आहे मला."

"पण बोगद्याच्या त्या बाजूला अकरा मैल वाट शाबूत आहे, आणि तिच्याखाली नऊ मोऱ्या. उद्या एकेक तपासायचीय. मला बरोबर माणसं हवीत. नऊला निघेन म्हणते."

डोडीनं ब्रेकची खीळ काढली.

"आठला निघालो तर?" ती म्हणाली.