फुलांच्या कमानीतली तार

बांगडी फुलांच्या थंड कपाटात ठेवली होती आणि तासाभरात ती तिथे नव्हती. मग गेली कुठे?

चंद्रावरच्या वसाहतीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पृथ्वीवरून सामान आणणं फार महाग, म्हणून प्रत्येकाला स्वतःच्या वस्तूंसाठी एकच छोटा डबा मिळे. ऋजुताकडे दागिना म्हणून आजोबांनी घडवलेली ती एक बांगडी. फुलं काढताना ती तिनं कपाटातच ठेवली होती.

"सावनी, तूच होतीस ना कपाटापाशी? डबा उघड तुझा," ती सगळ्या बायकांसमोर मैत्रिणीला म्हणाली.

सावनीनं मुकाट्यानं डबा उघडला. आत एक कंगवा आणि तिच्या आईचा फोटो. कुणीतरी पन्ह्याचा पेला हळूच खाली ठेवला. ऋजुताचे कान तापले.

तेवढ्यात गौरीवरची फुलांची कमान हलली. समईच्या उबेनं आतली तार वळू लागली होती. कमान सुटली. चंद्रावर सगळं सावकाश पडतं. फुलं खाली येईपर्यंत सगळे बघत राहिले. शेवटी समईशेजारी बांगडी टेकली.

"अगंबाई, मी तर कपाटातली साधी तार समजून सरळ केली न् कमानीला बांधली," ऋजुताची आई म्हणाली. "किती मऊ लागली हाताला."

"गार होती म्हणून," आजोबा म्हणाले. ते धातूंचे शास्त्रज्ञ. "हा आकारस्मृती धातू (ऊब मिळताच मूळ आकारात येणारा धातू). गारव्यात वाकवला, की त्यातले अणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) नुसते कलतात, शेजाऱ्याला सोडत नाहीत. ऊब मिळाली, की पुन्हा पहिल्यासारखे रांगेत. आता असा धातू करायचाय, जो अंगावर तापला तरी दिलेला आकार धरून ठेवील. मग एकाच तारेचं कानातलं, पिन, हार. डब्यात जागा उरेल, पैसेही वाचतील."

ऋजुताला कळलं सगळं, पण मान वर होईना. देवीसमोरच बोलली होती ती. सावनी एकटीच फुलं गोळा करत होती.

"मी सावनीवर खोटा आळ घेतला," ती म्हणाली.

"मघाशी मोठ्यानं बोलली होतीस," सावनी खाली बघतच म्हणाली.

ऋजुता उभी राहिली. पुन्हा बोलली, मागच्या बायकांनाही ऐकू जाईल असं.

सावनीनं हातातली फुलं खाली ठेवली. मग हात पुढे केला. "आण ती बांगडी. गार करून बघू, मला कानातलं जमतं का."

"आणि उबेला उलगडलं तर?"

"तर आजोबांना सांगू, अजून कुठे अडतंय ते."