कुंकू लागलेलं कार्ड

खैतान भागातल्या सुपरमार्केटमधल्या कॅशियरनं तिसऱ्यांदा कार्डाचा नंबर टाकून नकारार्थी मान हलवली, तेव्हा उर्वीच्या मागे उभा असलेला तरुण हळूच म्हणाला, “संक्रांतीचं वाण वाटतं… आमच्या वहिनीलाही हेच कार्ड मिळालंय.”

उर्वीचे कान तापले. यंदा इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला वाट्या-डबे पुरे, गिफ्ट कार्डं देऊ, हा हट्ट तिचाच. एका मोबाइलच्या दुकानातून आणलीही तिनंच, आणि निघाली सगळी रिकामी! बायका आता तिच्याकडे वळून वळून बघत. मंडळाच्या रेखाकाकू म्हणत, परक्या आखाती देशात पोलिसांची भानगड नको, गप्प बसू. गप्प बसलं की चोर कोण ठरणार, हे उर्वीला पक्कं ठाऊक होतं. कार्डावरचे पैसे असे उडवणं इथं गुन्हा आहे, त्याला तुरुंग आहे. तक्रार ती करणारच होती. पण दुकानदार साळसूदपणे म्हणत होता, कार्डं तुम्हीच खरवडलीत, तुम्हीच वापरलीत.

“वहिनीनं खरवडलेलंच नाही,” तिनं हे सगळं सांगितल्यावर तो तरुण म्हणाला. “कुंकू लावून दिलंय ना… म्हणून देव्हाऱ्यात ठेवलंय.”

प्रत्येक कार्डाला कुंकवाचं बोट उर्वीनंच लावलं होतं. तिला एकदम तो माणूस फार आवडला.

त्याचं नाव लक्ष्मीकांत. रिफायनरीत इंजिनिअर, आणि महिनाअखेरीला नाशिकला कायमचा परतणारा. रिग्गई भागात त्याच्या भावाच्या घरी उर्वीनं वहिनीचं कार्ड उजेडात धरलं. नंबरावरच्या चंदेरी पट्टीचा कोपरा सुटलेला. ती नख लावणार, तोच त्यानं तिचं मनगट धरलं.

“इथं नको… पोलिसांसमोर.”

मनगट सोडायला त्याला जरा उशीरच झाला.

चौकीत अधिकाऱ्यानं पट्टी उचलली, तर खाली आधीच खरवडलेली दुसरी! नंबर वाचून वर नवी पट्टी चिकटवलेली. दुकानाच्या झडतीत तशा पट्ट्यांचं बंडलच सापडलं. दुकानदाराला अटक झाली, तसा रेखाकाकूंचा फोन आला: तो पैसे परत देतोय, आता तक्रार मागे घे.

“पैसे परत येतील, काकू. माझं नाव कोण परत देणार?” उर्वीनं फोन ठेवला.

बाहेर हिवाळी पाऊस भुरभुरत होता. लक्ष्मीकांत पायरीवर थांबला होता.

“साक्षीला बोलावतील म्हणे. नाशिकचं तिकीट रद्द केलं.”

“फक्त साक्षीसाठी?”

“नाही…” तो जरा अडखळला. “उर्वी, पुढच्या संक्रांतीचं हळदीकुंकू आपल्या घरी करशील?”

तिला हसू आवरेना, आणि डोळेही भरून आले.

“करीन,” ती म्हणाली. “पण वाण गिफ्ट कार्डांचंच देणार.”