पाइनचं जंगल आणि सौनाचा धूर

"ईस्टर संपेपर्यंत सौना बंद!" असं म्हणून पेन्तीकाकांनी त्या लाकडी वाफघराच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली खिशात टाकली.

संध्याकाळसाठी लाकडं घेऊन आलेले हिल्ला आणि तिचा धाकटा भाऊ ओइवा बघतच राहिले. सौनाशिवाय कसली आलीय सुट्टी? जंगलातल्या या केंद्रात त्यांची तुइरेमावशी हवेतले कण मोजायची. ती कालपासून शहरात होती आणि केंद्र यंदाच राखणीला आलेल्या पेन्तीकाकांच्या हाती होतं.

"काल सकाळी यंत्रात कणांचा पूर आला होता," काका गुरगुरले. "काल शनिवार. शनिवारी सौना तापवत नाही असं एक घर दाखवा मला. तुमच्या धुराने सगळं माप बिघडलं. कालची नोंद खोडून टाकतो."

"पण आम्ही संध्याकाळी पेटवली होती," ओइवा म्हणाला.

"चोराच्या मनात चांदणं."

हिल्लाने हातातली लाकडं खाली टाकली. कणांचा असा पूर येणाऱ्या दिवसासाठीच मावशी हिवाळाभर डोळे लावून बसली होती. "काका, आजही तसंच ऊन आहे. जेवणापर्यंत यंत्राच्या पडद्यासमोर बसा. मग खुशाल खोडा."

काका कुरकुरत बसले. पडद्यावर बारीक कण खाली दिसायचे, मोठे वर. ऊन चढलं तसा अगदी तळाशी एक लाल ठिपका उमटला. मग ठिपकेच ठिपके, आणि सगळे हळूहळू वर सरकू लागले.

"बघा, कुणीतरी पेटवलीच!"

"कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या खिशात," ओइवा म्हणाला.

काकांनी खिसा चाचपला. किल्ली तिथेच होती.

"पाइनचा हा वास येतोय ना, तो हवेत मिसळतो आणि उन्हाने त्याचं रूप बदलतं," हिल्ला म्हणाली. "त्यातूनच हे कण जन्मतात आणि दिवसभर वाढतात. वाढून मोठे झाले की ढगाचा थेंब त्यांच्यावरच धरतो. धुराचे कण असे वाढत येत नाहीत, मोठे होऊनच येतात. खोटं वाटत असेल तर सौना पेटवून बघा."

"म्हणजे कुलूप काढायला मलाच लावतेस? बिलंदर आहेस!"

पण काकांनी कुलूप काढलं आणि सौना पेटवली. वारा यंत्राकडेच होता. थोड्याच वेळात पडद्यावर एक डाग थेट वरच उमटला. सकाळचे कण मात्र खालून अजून चढतच होते.

हिल्लाने खिडकीतून पाहिलं. झाडं नेहमीसारखी गुपचूप उभी होती. एवढं मोठं काम चाललंय आणि आवाज म्हणून नाही, याचं तिला फार कौतुक वाटलं.

संध्याकाळी मावशी आली. तिने दोन्ही दिवसांच्या नोंदी पाहिल्या आणि काय झालं ते पेन्तीकाकांकडूनच ऐकलं. काकांनी काही लपवलं नाही.

मावशीने हिल्लाला जवळ ओढलं. "इतकी वर्षं हे जंगल मोजतेय मी," ती म्हणाली, "पण त्याची बाजू घेऊन कुणी भांडलेलं आज पहिल्यांदा बघितलं."