अर्धा मिनिट भिंगरी

आत्या मला भिंगरी म्हणते, आणि उगीच म्हणत नाही. तिच्या चष्म्यांच्या दुकानात मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पळत असते. त्या सकाळीही फ्रेमांचा ट्रे घेऊन पळतच बाहेर आले आणि दारासमोरच्या ट्रायपॉडमध्ये पाय अडकून धडपडले.

लगेच एक हात पुढे आला. मला सावरायला नाही हं... कॅमेरा सावरायला! माझ्यासाठी दुसरा हात आला, तो नंतर.

"आधी कॅमेरा?" मी विचारलं.

"तो पडला असता तर पुन्हा उठला नसता," कॅमेरावाला म्हणाला. "तुम्ही उठला असता. भांडायलासुद्धा."

आणि हसला. हसायलाच नको होतं त्यानं. ट्रेमधल्या फ्रेमा खुळखुळायला लागल्या, आणि मी तर जागची हललेही नव्हते.

"फोटो मात्र गेला. या पॅसेजचा होता. रिकाम्या पॅसेजचा."

मी वळून पाहिलं. दोन्ही बाजूंना उघडी दुकानं, मधून गिऱ्हाइकं, पिशव्या, ढकलगाड्या. "आमच्याकडे डोळे फुकट तपासतात," मी म्हटलं. "या आत."

मग त्यानं सगळं सांगितलं. दुकानदारांच्या संघटनेला कार्यालयात लावायला फोटो हवा होता. पण ज्याच्या दारात गर्दी दिसेल तो खूश आणि बाकीचे वर्षभर फुगून बसणार. म्हणून दुकानं उघडी हवीत, माणूस एकही नको.

"मग काय, सगळ्यांना हाकलणार?"

"पुसणार," तो म्हणाला. "कॅमेऱ्याचं भोक म्हणजे डोळ्याची बाहुली समजा. लहान केलं की उजेड कमी शिरतो. वर ही काळी काच. मग फिल्मला पुरेसा उजेड मिळायला शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं... चांगलं अर्धा मिनिट. चालणारा माणूस तेवढ्या वेळात कुठेच टिकत नाही, त्यामुळे तो उमटत नाही. भिंती उमटतात."

"आणि भोक मोठं केलं तर? आम्ही डोळ्यांत थेंब टाकतो तेव्हा बाहुली मोठी होते. मग उन्हात गेलं की सगळं पांढरंफटक."

"अगदी तसंच! म्हणून तेव्हा शटर क्षणात उघडून मिटायचं. उजेड तेवढाच पोचतो, पण चालता माणूस थिजल्यासारखा दिसतो." तो इतका खूश झाला, जणू मीच कॅमेरा शोधून काढला होता.

"आणि फोटो मनासारखा आला, की?"

"की संध्याकाळची गाडी. माझं घर लांब आहे."

माझ्या छातीत धस्स झालं. ओळख जेमतेम घटकाभराची, आणि धस्स! त्या क्षणापासून मी मनात एकच जप सुरू केला — फोटो बिघडू दे, फोटो बिघडू दे.

दुपारी त्यानं पुन्हा शटर उघडलं. मी फडकं घेऊन दारात होते. त्याची नजर घड्याळावर, ओठ मोजत होते. कपाळावर केस आले तरी ते सारायला हात उचलला नाही त्यानं. मी आपली बघत राहिले. एवढंच केलं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फोटो काउंटरवर ठेवला. पॅसेज रिकामा होता, फरशीची रेघन् रेघ स्वच्छ. आणि आमच्या दारात मी. हातात फडकं, मान जराशी कललेली, नजर थेट कॅमेऱ्यामागे.

आत्यानं चष्मा बदलून पाहिलं. "ही आमची भिंगरी? एका जागी? अहो, झोपेतसुद्धा हिचे पाय चालू असतात."

"हलल्या असत्या तर दिसल्या नसत्या," तो हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. चोरी पकडली गेली होती, तीही छापून.

फोटो परत काढणं भागच होतं. या वेळी मी दारात नुसती उभी राहिले असते तर त्याची गाडी आणखी एक दिवस पुढे गेली असती. फार मोह झाला... पण त्याच्या पोटापाण्याचं काम होतं ते. मी आतच काचा पुसत येरझाऱ्या घातल्या.

थोड्या वेळानं तो दारात आला. "झालं. या वेळी कुणीच थांबलं नाही."

"छान," मी म्हटलं आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

"एक फिल्म उरलीय. ती संघटनेची नाही, माझी आहे." तो थांबला. "याल... माझ्याबरोबर उभ्या राहायला?"

शटरचं तारेला जोडलेलं बटण त्यानं आत्याच्या हाती दिलं. भर गर्दीत आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. आत्या मोजायला लागली, आणि इतकं सावकाश, की जन्मात तिनं काही सावकाश केलं नसेल.

"गाडीचं तिकीट..." तो ओठ न हलवता पुटपुटला, "रद्द होऊ शकतं. कुणी सांगितलं तर."

"बोलू नका," आत्या ओरडली, "तोंड पुसलं जाईल!"

माझं काळीज धडधडत होतं, पण पाय? पाय रोवल्यासारखे. "रद्द कर," मी म्हटलं. तुम्ही वगैरे राहूनच गेलं.

संध्याकाळची गाडी त्याच्याविनाच गेली. फोटो धुऊन त्यानं आणला तेव्हा आम्ही तिघांनी तो एकदमच पाहिला. पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं. मी होते, पापणीसकट स्वच्छ. आणि माझ्याशेजारी तो, त्याला दोन चेहरे. कॅमेऱ्याकडे बघणारा एक, अगदी पुसट. माझ्याकडे वळलेला दुसरा, चांगला ठळक.

आता तो फोटो दुकानात काउंटरमागे लावलाय. गिऱ्हाईक विचारतंच. मग आत्या सांगते, "ही न हललेली, आमची भिंगरी. आणि हा हललेला ना... तो आमचा जावई."