बिनखोलीचं बटण

घर बघायला जाताना बायका रंग बघतात, पुरुष पार्किंग बघतात, आणि ब्रेकबाई पाण्याचा मीटर बघायची. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाशेजारी बसून दुसऱ्या ब्रेकवर सदा पाय ठेवलेला, म्हणून शिष्यांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. उभा जन्म भाड्याच्या घरांत गेल्यावर तिनं स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तोच पाय तिनं या कामातही ब्रेकवरच ठेवला. सगळे नळ बंद करायचे आणि मीटरकडे बघत राहायचं. काटा हलला तर भिंतीत कुठेतरी पाणी मुरतंय. असं करून तिनं कितीतरी घरं नाकारली होती.

हे घर मात्र काट्याच्या परीक्षेत पास झालं.

दुमजली, गल्लीच्या टोकाचं, मागे कुणी नाही असं. मालक परदेशात, त्याचा सगळा व्यवहार एजंटकडे. किंमत इतकी रास्त की बँकेचा इंजिनियर मूल्यांकन करून गेला तेव्हा त्याला वाटलं, कागदावर आकडा चुकलाय. कर्ज मंजूर झालं होतं. बँकेतल्या पोरीनं विचारलं होतं, बदलता दर घेता का, सध्या स्वस्त पडतो. ब्रेकबाई म्हणाली, "उद्या वाढला की माझी झोप जाणार. स्थिर दर द्या, थोडा जास्त असला तरी." बयाणा देऊन झाला होता, आणि त्यात तिच्या साठवणीतलं जवळजवळ सगळं गेलं होतं. करारात लिहिलेलं होतं की तपासणीत घराची खोट निघाली तर बयाणा परत; उगीच माघार घेतली तर गेला.

तपासणीच्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं होतं. एजंटनं फाटकाचं कुलूप काढलं, किल्ली ब्रेकबाईच्या हातात दिली आणि तो बाहेरच थांबला.

"आत या की," सोबत आलेली ब्रेकबाईची धाकटी बहीण म्हणाली.

"नको. तुम्ही बघा निवांत. मला धुळीचा त्रास होतो."

"धूळ तर इथे जास्त आहे," धाकटी पुटपुटली. एजंट नुसता हसला. गिऱ्हाईक पटवणाऱ्याचं हसू नव्हतं ते. सापळा लावून बसलेल्या माणसाचं होतं.

आत बंद घराचा वास होता, ओल्या सिमेंटचा आणि जुन्या फडक्यांचा. खिडक्या लाकडी फळ्यांच्या, त्यामुळे दुपार असूनही आत काळोख. ब्रेकबाईनं मोऱ्यांत बादलीभर पाणी ओतून पाहिलं; घळाघळा वाहून गेलं, तुंबलं नाही. गच्चीवरची टाकी ठोकून पाहिली. मोटर लावली, ती खोकली आणि चालू झाली. न्हाणीघराच्या छतावर हात फिरवला, ओल नव्हती. धाकटी मागोमाग कुरकुरत होती, "नवरा निवडताना एवढं बघितलं असतंस तर..."

"तो भाड्याचाच होता," ब्रेकबाई म्हणाली. "परत केला."

शेवटी विजेचं काम. ते दोघींचं असतं. खाली मीटरशेजारी लोखंडी पेटी होती, आत एका ओळीत बटणं, प्रत्येकाखाली खोलीचं नाव. धाकटीनं एकेक बटण पाडायचं आणि ब्रेकबाईनं त्या त्या खोलीत उभं राहून ओरडायचं, दिवा विझला की नाही. म्हणजे कळतं, कुठली वायर कुठे जाते, कुणी कुठे उलटसुलट जोडणी केलीय का.

"हॉल!"

"विझला! ... लागला!"

"स्वयंपाकघर!"

"विझला! ... लागला!"

असं करत ब्रेकबाई वर आली, आणि शेवटी मागच्या खोलीत. तिथलंही झालं. घरातल्या खोल्या संपल्या. तेवढ्यात जिन्यातून धाकटीचा आवाज आला, "ताई, एक बटण उरलंय! खाली नाव नाहीये! पाडू?"

"पाड."

खाली टक्कन आवाज झाला. ब्रेकबाईच्या डोक्यावरचा बल्ब तसाच जळत होता. बाहेरच्या खोलीतला उजेडही दारातून दिसत होता. इथे काहीच नाही, असं ओरडायला तिनं तोंड उघडलं...

"विझला."

हळू आवाज. दमलेला. मागच्या भिंतीपलीकडून आलेला.

"हां, म्हणजे मागच्या खोलीचंच आहे!" खालून धाकटी म्हणाली. टक्.

"लागला."

ब्रेकबाई जागची हलली नाही. त्या भिंतीला एक छोटी खिडकी होती. तिनं कडी काढली आणि डोकं बाहेर घातलं. घराची सपाट भिंत, खाली सरळ जमिनीपर्यंत. सज्जा नाही, पाइप नाही, पाय ठेवायला वीतभर जागा नाही. दिवा तर नाहीच.

"परत पाड!" ती ओरडली. आवाज कापला याचा तिला राग आला.

टक्.

"विझला... परत का?"

"तूच म्हणालीस ना परत पाड!" धाकटी खालून वैतागली. "आता मलाच विचारतेस परत का?"

ब्रेकबाई जिना उतरून खाली आली. "ते 'परत का' मी नाही विचारलं." धाकटीनं पेटीतून मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं, मग जिन्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. बटण अजून खाली पाडलेलंच होतं.

"ताई," धाकटी म्हणाली, "आत्ता वर... तू..."

"गप्प. ऐक."

घरात एवढी शांतता होती की गल्लीतल्या सायकलची घंटासुद्धा ऐकू आली. मग वरून, मागच्या बाजूनं, काकुळतीला आल्यासारखं...

"लावा ना आता..."

धाकटीनं तिच्या दंडाला नखं रुतवली. ब्रेकबाईनं हात पुढे केला आणि बटण वर ढकललं.

"लागला," वरचा आवाज म्हणाला. सुटका झाल्यासारखा.

दोघी बाहेर आल्या तेव्हा एजंट फाटकाला टेकून उभा होता. धाकटीचा चेहरा बघून त्याला जे हवं होतं ते मिळालं.

"नको ना?" तो मायेनं म्हणाला. "होतं असं. मागच्यांचंही झालं. त्यांच्या आधीच्यांचंही. पण ताई, बयाणा मात्र परत नाही हं मिळायचा. नळ ठीक, वायरिंग ठीक. आवाज येतो ही खोट कुठल्या रकान्यात लिहिणार?"

तेव्हा ब्रेकबाईच्या लक्षात आलं की हा माणूस घर विकतच नव्हता. घर तसंच ठेवून तो पळून जाणाऱ्यांचे बयाणे गोळा करत होता. वर जे कोण होतं, त्याच्या जिवावर याची चूल पेटत होती.

"कोण म्हणालं नको?" ती म्हणाली. "खरेदीखत कधी करायचं ते सांगा. बँकेचा धनादेश तयार आहे."

एजंटचं हसू तोंडावरच वाळलं. "ताई, तुम्ही वर गेला होतात ना? मागच्या खोलीत?"

"गेले होते. हवेशीर आहे."

घरी परतताना धाकटी रडायच्या बेताला आली होती. "बयाणा गेला तर गेला गं. पैसा जिवापेक्षा जास्त का?"

"आजवर किती घरं 'गेलं तर गेलं' म्हणून सोडली आपण? एकानं पाहुणे येतात म्हणून काढलं, एकानं मुलाचं लग्न ठरलं म्हणून. दर वेळी आपणच बोचकी बांधली. घरमालकांना घाबरण्यात जन्म गेला, आणि ते तर जिवंत होते. आता मेलेल्यालाही घाबरू? त्याला राहायचंय तर राहू दे. हप्ते मी भरणार आहे."

एजंटनं तारखा पुढे ढकलून पाहिल्या. मग मालकाचा विचार बदलला म्हणून पाहिलं. ब्रेकबाईनं करार पुढे केला. माघार घेणाऱ्याला दंड होता, आणि तो दोन्ही बाजूंना लागू होता. शेवटी सह्या झाल्या. मालकाच्या वतीनं एजंटनं सही केली तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता, आणि नुकसानीचा घाम तसा नसतो. "ते बटण," तो जाता जाता म्हणाला, "पाडून ठेवू नका कधी. एवढंच."

घर ताब्यात आल्यावर ती एकटीच गेली. स्वच्छ ऊन पडलं होतं. तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या, सगळे दिवे लावले आणि हातोडी घेऊन सरळ मागच्या खोलीत गेली. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा मारायची तिला कधीच परवानगी नव्हती. तिनं त्याच भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, खिळा धरला.

"हे घर माझं आहे," ती भिंतीला म्हणाली. "ऐकू येतंय ना? तुझा दिवा मी विझवणार नाही. पण भिंत माझी."

आणि तिनं खिळा ठोकला. गिलावा थोडा झडला, खिळा आत गेला, पक्का बसला. ती हातोडी खाली करणार, तेवढ्यात त्या खिळ्याशेजारी, बोटभर अंतरावर, भिंतीला बारीक चीर गेली. पांढरी भुकटी गळू लागली. मग त्या चिरेतून लोखंडाचं एक टोक बाहेर आलं. थांबलं. पुन्हा थोडं पुढे आलं.

पलीकडूनही कुणीतरी खिळा ठोकत होतं.

ब्रेकबाईनं खिडकीतून बाहेर पाहिलं. सपाट भिंत. ऊन. खाली गवतात एक मांजर, वर टक लावून बघणारं.

तिनं डोकं आत घेतलं. टोकाला बोट लावलं. ताज्या ठोकलेल्या खिळ्यासारखं ते गरम होतं. पदराला हात पुसला आणि घराची किल्ली दोरीसकट त्या टोकाला अडकवली.

"बरं झालं," ती म्हणाली, "एक आयता मिळाला."

किल्ली झोका घेऊन स्थिर झाली. मग पुन्हा हलली. घरात हातोडीचा आवाज कुठेच नव्हता, पण ठरावीक अंतरानं, प्रत्येक घावासरशी हलावी तशी, ती हलत होती.