थेंब भरताना बोलू नये

दार न वाजवता तो आत आला आणि म्हणाला, "नमस्कार."

झालं. तिचा हात हलला, केसाएवढ्या नळीत बुडबुडा शिरला आणि सकाळभर खपून बनवलेली चिप कचऱ्यात गेली.

"एका नमस्काराने?"

"एका नमस्काराने. आता आलाच आहात तर बोट द्या. रक्त लागेल."

तो लहान मुलांचा डॉक्टर. तान्ह्या बाळांच्या टाचा टोचून टोचून विटलेला. ती चिप बनवणारी. काचेवर पारदर्शक रबराची चकती, आत बारीक वळणावळणाच्या नळ्या. बाळाचा एकच थेंब त्यात सोडला की संसर्ग आहे की नाही ते कळावं, एवढाच तिचा ध्यास.

मग तो रोज दुपारी येऊ लागला, बोट पुढे करून. प्रयोगशाळेत तिला मौनीबाई म्हणत, कारण थेंब भरताना ती श्वास रोखायची आणि दुसऱ्या कुणाला ब्र काढू द्यायची नाही. त्यामुळे गप्पा अशा चालत—

"आई विचारत होती, बोटांना पट्ट्या कसल्या—"

(थेंब.)

"—म्हटलं, एक बाई टोचते."

"मग?"

"म्हणाली, लग्नाआधीच?"

ती हसली. पण थेंब आत गेल्यावर.

एके दिवशी तो बोट पुढे न करताच आला. दूरच्या मोठ्या रुग्णालयाने त्याला नोकरीवर बोलावलं होतं. आज फोन येणार, हो की नाही ते सांगायचं.

"काय सांगू?"

"तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली, आणि लगेच तिला जीभ चावावीशी वाटली.

पण वेळ कुठे होता? चहानंतर परीक्षक येणार होते. चिप चालली तर वॉर्डात जाणार, नाहीतर काम गुंडाळायचं. साच्यातून निघालेल्यांपैकी एकच शाबूत होती. निकाल दिसायला वेळ लागतो, म्हणून थेंब आत्ताच भरायचा.

त्याने बोट दिलं. तिने श्वास रोखला.

लाल टोक नळीत शिरलं. पहिलं वळण—

फोन वाजला.

तो दाराकडे निघाला. अगदी हळू... टेबल हलू नये म्हणून टाच आधी, मग चवडा.

दुसरं वळण—

ती सूक्ष्मदर्शकातून डोळा काढू शकत नव्हती. पण ती जपून पडणारी पावलं तिला ऐकू येत होती. अशा पावलांनी तिच्यापासून दूर जाणारा माणूस...

तिसरं—

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

बुडबुडा. गोल, चकचकीत, नळीत ठाण मांडून बसलेला.

फोन वाजायचा थांबला. त्याने वाकून चिप पाहिली.

"मौनीबाई, बोललात."

"हं."

"परीक्षक?"

"थांबवते त्यांना. नवी ओतून भट्टीत घालते. नाही थांबले तर..." तिने डोळे पुसले. "तर रडेन. तू असशील ना?"

त्याने फोन लावला. "नाही जमायचं," एवढंच बोलला. मग स्टूल ओढून बसला आणि बोट पुढे केलं.

"ते नको, दुखत असेल. दुसरं दे."

"अजून नऊ आहेत."

"आणि हे बघ, चिप भाजून होईपर्यंत काय बोलायचं ते सगळं बोलून घे. थेंब भरताना—"

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि बोलायला लागला.