कपाटातला उसासा

"आज संध्याकाळी आजोबांचा आवाज पुसून टाकणार आहे," मावशी म्हणाली, आणि ताई आणि तिच्या भावाचा पत्त्यांचा डाव तिथेच मोडला.

मावशीच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत आजोबांचं ते एकच बोलणं उरलं होतं. मूळ टेप केव्हाच झिजली होती. कॉम्प्युटर तिच्या नकलेतली खरखर गाळत गाळत ते ऐकवायचा. थोडा वेळ आजोबा छान बोलत. मग भिंतीतून कुणीतरी लांब उसासा टाकी, आवाज तुटू लागे आणि "दार... दार..." करत आजोबा थांबत.

"त्यांना त्रास होतोय," मावशी म्हणाली. "जाऊ दे त्यांना."

"यंत्र मात्र उत्तम आहे," काका म्हणाले. "आठ कोअर, म्हणजे आठ मेंदूच. प्रत्येकाचा वेग तीन गिगाहर्ट्झ. एकूण चोवीस." दुकानदाराने सांगितलेलं त्यांनी पाठ केलं होतं.

"आठ जण तासाला तीन किलोमीटर चालले, तर तासाभरात चोवीस किलोमीटरवर कोण पोचतं?" ताईच्या धाकट्या भावाने विचारलं. त्याला घरात वकील म्हणत, ते उगीच नाही.

काकांना एकदम काहीतरी काम आठवलं.

भावंडं खोलीत शिरली. ताईने आजोबांना सुरू केलं आणि प्रत्येक कोअरचा वेग दाखवणारी चौकट स्क्रीनवर उघडली. आठही आकडे तीनवर होते.

उसासा आला. वकिलाने ताईची बाही धरली. आकडे घसरले. दोन. दीड. एक.

"दार..." आजोबा म्हणाले.

"ताई, आपण पत्तेच खेळू."

"थांब. एकटा कोअर पळाला तर निभतं. आठही पळाले की तापतात, आणि जळू नये म्हणून आपणहून वेग उतरवतात. मग खरखर वेळेत निघत नाही, आवाज तुटतो."

"आणि उसासे कोण टाकतं?"

ताईने भिंतीला कान लावला, सरकत सरकत भिंतीतल्या कपाटापाशी आली आणि दार ओढलं. कढत श्वास दोघांच्या तोंडावर आला. आत चहूबाजूंनी जाड स्पंज, मधोमध कॉम्प्युटर, त्याचा पंखा धापा टाकतोय. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये नको, म्हणून काकांनी अख्खं यंत्रच कोंडलं होतं.

मावशीला बोलावलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. कपाट उघडं ठेवून ताईने पुन्हा सुरुवात केली. आकडे तीनवरून हलले नाहीत. ती जागा आली.

"दार उघडं ठेवा रे," आजोबा स्पष्ट म्हणाले. "आत जीव गुदमरतो माझा."

मावशी उंबरा ओलांडून आत आली.

"शाबास रे पोरांनो," ती म्हणाली. तिचे हात दोघांच्याही पाठीवर होते.

काकांनी पान्हे-पेचकस आणून कपाटाचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं, माळ्यावर टाकलं.

"हवा खेळावी म्हणून," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.